आजाराचा जन्मदाखला

सातारा-कोल्हापूरकडच्या गावांत फौजेतून परतलेल्या प्रत्येक माणसाला ‘मेजर’ म्हणतात. शिपाई असो, नायक असो, हवालदार असो. काळी ट्रंक एसटीच्या टपावरून खाली आली की गावानं त्याला मेजर केलाच. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावानं पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावली. तिथल्या पारावर जाऊन कुणी ‘ओ मेजर’ अशी हाक मारली, तर अर्धा पार वळून बघेल.

दिल्लीचं तसं नाही. दिल्ली त्याला पत्र लिहिते तेव्हा तो ‘माजी नायक’ असतो. कोर्टात गेला की ‘अर्जदार’ होतो. तिथे तो जिंकला आणि सरकार वरच्या कोर्टात गेलं, की त्याची शेवटची बढती होते: तो ‘प्रतिवादी’ होतो. निकालाच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत छापून येतं, ‘भारत संघ विरुद्ध अमुक तमुक’. आयुष्यभर ज्याच्या बाजूनं लढला तो भारत संघ एका बाजूला आणि गुडघ्याला पट्टा बांधलेला आपला मेजर दुसऱ्या बाजूला. पाकिस्तानलाही असं रीतसर ‘विरुद्ध’ फारसं कधी मिळालेलं नाही.

हे सगळं होतं अपंगत्व पेन्शनपायी. फौजेत असताना आजार जडला किंवा इजा झाली, आणि ती किमान २० टक्के अपंगत्वाची ठरली, तर नेहमीच्या पेन्शनवर आणखी काही रक्कम मिळते. अट एकच. आजार सेवेमुळे जडलेला हवा, किंवा सेवेमुळे बळावलेला तरी हवा. अट वाचायला साधी आहे. तिच्यावर अख्खी कारकीर्द काढलेले वकील आहेत.

आधी पोरगा फौजेत घेतात कसा ते आठवा. भरतीच्या मैदानावर पहाटे त्याला १६०० मीटर पळवतात. नऊ फुटी खड्ड्यावरून उडी मारायला लावतात. बीमला लोंबकळवतात. छाती मोजतात ती दोनदा, एकदा साधी आणि एकदा फुगवून. मधला फरक ५ सेंटीमीटरचा भरला नाही तर घरचा रस्ता. मग डॉक्टर. कानात बॅटरी मारून मळ बघतात. उभं करून गुडघ्याला गुडघा लागतो का बघतात. तळवा सपाट आहे का बघतात. तोंड उघडून दातांचे गुण मोजतात. १४ डेंटल पॉइंट भरले पाहिजेत. आमच्याकडे कितीतरी पोरं नुसत्या कानातल्या मळापायी ‘मेडिकल अनफिट’ होऊन परत आली आणि कोपऱ्यावरच्या कानसाफवाल्याचा धंदा करून गेली. एवढं सगळं पार पडल्यावर सरकार लिहून देतं की हा गडी ‘शेप-वन’ आहे. म्हणजे मन, कान, हातपाय, अंतर्गत प्रकृती आणि डोळे, सगळं अव्वल. असा दाखला आपल्यातल्या कुणाकडे आहे? मला तर ड्रायव्हिंग लायसन्सच्या वेळी डॉक्टरांनी न बघताच सही दिली होती.

आता सतरा-अठरा वर्षांनंतरचा दिवस. गडी घरी निघाला आहे. पुन्हा मेडिकल बोर्ड बसतं. रक्तदाब वाढलेला, साखर वाढलेली, कंबर गेलेली, तोफेशेजारी काढलेल्या वर्षांनी एक कान निकामी केलेला. बोर्ड हे सगळं प्रामाणिकपणे नोंदवतं. टक्केही देतं. आणि मग शेवटच्या रकान्यात लिहितं: ना सेवेमुळे जडला, ना सेवेमुळे बळावला. या वाक्याची इंग्रजी आद्याक्षरं जोडली की ‘नाना’ होतं, आणि फौजी मंडळी तसंच म्हणतात. “मेजर, काय झालं बोर्डात?” “काय व्हायचंय? नाना लागला.”

कारणही खाली दिलेलं असतं. ‘आजाराची सुरुवात शांतता क्षेत्रात.’ सरकारला आजाराचा जन्मदाखला लागतो. गाव कोणतं, तालुका कोणता, त्या वेळी पलटण कुठे होती. रक्तदाब सियाचीनला जन्मला असेल, तर तो सरकारचा. तोच रक्तदाब पलटण झाशीला किंवा अंबाल्याला असताना जन्मला असेल, तर तो मेजरच्या घरचा. आता रक्तदाब काही बिगुल वाजवून येत नाही. तो बर्फात गुपचूप वाढतो आणि पलटण खाली आल्यावर नेहमीच्या तपासणीत सापडतो. जिथे मशीन लागलं ते त्याचं जन्मगाव.

बरं, ही ‘शांतता’ तरी कशी? पहाटे पीटी, दिवसा अंगमेहनतीचं फटिग, रात्री गार्ड. कुटुंबाला क्वार्टर नाही. गावाकडून फोन: भाऊबंदांनी बांध कोरला, म्हातारीला दवाखान्यात नेलं, धाकट्याची शाळेची फी राहिली. सुट्टी मागितली तर साहेब म्हणतात, ‘एक्सरसाइज झाल्यावर बघू.’ या शांततेत ज्याचा रक्तदाब वाढत नाही त्याचाच खरं तर बोर्डानं अभ्यास करावा.

शांतता क्षेत्रानं भागलं नाही तर आणखी एक ठेवणीतलं कारण असतं: ‘शरीरप्रकृतीचा दोष’. म्हणजे आजार मुळातच अंगात होता, कदाचित वाडवडिलांकडून आला. आमच्या गल्लीतल्या मेजरांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते आधी बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “माझा बाप नव्वदीत आंब्यावरनं पडून गेला. तोवर त्यानं डॉक्टरचं तोंड बघितलं नव्हतं. त्याच्याकडनं मला फकस्त मिशा आल्यात.”

कायदा इथे गंमत म्हणजे मेजरच्या बाजूनं आहे, आणि तो बराच जुना आहे. १९८२ च्या नियमांतच लिहिलं होतं की भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल, तर माणूस धडधाकट होता असं धरा. पुढे आजारामुळे त्याला काढलं, तर तो सेवेमुळेच आला असं धरा. आणि तसं नाही म्हणायचं असेल, तर सिद्ध करायचं ओझं सरकारवर. इतकं स्वच्छ लिहिलेलं असूनही ते सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं. २०१३ साली, धरमवीर सिंग यांच्या खटल्यात. सिग्नल्समधला हा जवान १९८५ साली भरती झाला, १९९४ साली फिट येण्याच्या आजारामुळे घरी पाठवला गेला. बोर्डानं ‘संबंध नाही’ एवढंच लिहिलं, का नाही ते लिहिलं नाही. न्यायालय म्हणालं, कारण लिहा. नऊ वर्षांच्या नोकरीचं उत्तर मिळायला त्याला एकोणीस वर्षं लागली.

त्याआधीची एक गोष्ट तर पुराणात शोभेल. संरक्षण पेन्शनचं मुख्य हिशेब कार्यालय प्रयागराजला आहे, आणि त्याचा पत्ता आहे द्रौपदी घाट. पत्ता कुणी शोधला माहीत नाही, पण भर सभेत दाद मागून दमलेल्यांचे अर्ज जायला याहून योग्य ठिकाण हिंदुस्थानात नाही. पूर्वी व्हायचं असं की मेडिकल बोर्डाचे डॉक्टर माणसाला समोर उभं करून, नाडी बघून सांगायचे, याला इतके टक्के द्या. मग कागद प्रयागला जायचा. तिथला वैद्यकीय सल्लागार माणसाला न बघताच ते टक्के कमी करायचा. नुसता कागद वाचून निदान करायची ही विद्या धन्वंतरीलाही साधली नव्हती. १९९३ साली मोहिंदर सिंग या माजी सॅपरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हिशेब खात्याला डॉक्टरांच्या डोक्यावर बसता येणार नाही. तुम्ही-आम्ही पारावर बसून हेच सांगितलं असतं, फुकट.

टक्क्यांचं गणित तर वेगळंच. अपंगत्व १०० टक्के असेल तर शेवटच्या पगाराच्या ३० टक्के रक्कम मिळते. म्हणजे २० टक्केवाल्याला ६ टक्के. पाचव्या वेतन आयोगाच्या वेळी सरकारच्या लक्षात आलं की डॉक्टरागणिक टक्के बदलतात. एकाला गुडघा २० टक्के दिसतो, दुसऱ्याला ३०. म्हणून गोळाबेरीज ठरली: ५० च्या खालचे सगळे ५० धरा, ५० ते ७५ वाले ७५, त्यावरचे १००. शहाणपणाचा निर्णय. फक्त तो लागू केला आजारपणामुळे मुदतीआधी घरी पाठवलेल्यांना. जो तोच गुडघा घेऊन लंगडत-लंगडत पूर्ण नोकरी करून बाहेर पडला, त्याला गोळाबेरीज नव्हती. नोकरी पूर्ण केली हा त्याचा गुन्हा. हे जवान एकेक करून कोर्टात गेले, जिंकले, आणि सरकार प्रत्येकाच्या मागे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार यांच्या खटल्यासोबत अशी सुमारे ८८० अपिलं एका झटक्यात फेटाळली गेली. ८८० अपिलं म्हणजे एका पलटणीएवढी माणसं होतात. एवढी मोठी चढाई सरकारनं स्वतःच्याच जवानांवर केली आणि तीतही हरलं.

आता कोर्टाकडे आणि वकिलांकडे येऊ. संरक्षण दलांच्या तंट्यांसाठी २००७ साली कायदा झाला, आणि ऑगस्ट २००९ मध्ये आपल्या प्रतिभाताई राष्ट्रपती असताना त्यांच्याच हस्ते सशस्त्र दल न्यायाधिकरण सुरू झालं. मुख्य पीठ दिल्लीत, आणि एक खंडपीठ मुंबईलाही. पीठावर एक निवृत्त न्यायमूर्ती आणि एक निवृत्त सेनाधिकारी असे दोघे बसतात. कल्पना चांगली होती: एकाला कायदा कळतो, दुसऱ्याला बर्फ कळतो. मधल्या काळात कित्येक पीठांवर नेमणुकाच नव्हत्या, तेव्हा मेजर लोक रिकाम्या खुर्च्यांना सलाम करून यायचे, तो भाग वेगळा.

इथले वकीलही वेगळे. बरेचसे स्वतः फौजेतून आलेले. काळा कोट घातला तरी चाल परेडचीच. अशिलाशी बोलताना ते ‘बसा’ म्हणत नाहीत, ‘आराम से’ म्हणतात. आणि मेजर लोकांची फाइल कशी असते ते त्यांना पक्कं ठाऊक असतं. ती साडीच्या दुकानाच्या पिशवीत येते. आत सगळ्यात वर लॅमिनेट केलेला पेन्शनचा आदेश, म्हणजे पीपीओ. त्याखाली पदकाचा फोटो, मुलीच्या लग्नाची पत्रिका, माजी सैनिकांच्या दवाखान्याचं ईसीएचएस कार्ड, कॅन्टीनचं कार्ड, १९९६ सालचं एक गुडघ्याचं एक्स-रे पाकीट (आत एक्स-रे नाही), आणि तळाशी, चार घड्या घातलेला, तो एकच कागद ज्यावर खटला उभा राहणार असतो: मेडिकल बोर्डाचा अहवाल. “हा आधी का नाही दाखवलात?” असं वकिलांनी विचारलं की मेजर म्हणतात, “त्यावर आपल्याविरुद्ध लिवलंय ना साहेब, म्हणून खाली ठेवला.”

सुनावणी मी पाहिली आहे. मेजर आदल्या रात्रीच्या गाडीनं येतात. इस्त्रीचा शर्ट, छातीवर पदकांची पट्टी, बूट असे की त्यात पंख्याचं पातं दिसावं. पुकारा होतो तेव्हा ते ताडकन सावधान उभे राहतात. सरकारी वकील अर्धवट उठून म्हणतात, “रेकॉर्ड ऑफिसकडून कागद यायचे आहेत, चार आठवडे मिळावेत.” मिळतात. मेजर अजून सावधानच असतात. त्यांना कुणीतरी हळूच सांगतं की झालं. “काय झालं?” “तारीख.” बाहेर व्हरांड्यात ते वकिलांना विचारतात, “साहेब, चार आठवडे कशाला? माझी पलटण एका रात्रीत हलायची.”

आणि निकाल लागला म्हणजे संपलं, असं समजू नका. निकाल लागल्यावर अंमलबजावणीचा अर्ज करावा लागतो. म्हणजे आधी हक्क आहे म्हणून एक खटला, मग हक्क आहे असं ठरलंय म्हणून दुसरा. तोवर पैसे आले तरी आदेशावर लिहिलेलं असतं, ‘अपिलाच्या निकालाच्या अधीन राहून’. मेजरांच्या मिसेस हे ऐकून विचारतात, “मग खर्चू का नको?” याचं उत्तर कुठल्याच वकिलाकडे नाही.

विधवांची तऱ्हा आणखी वेगळी, आणि इथे आपल्या मराठी चालीरीतींचा मोठा हातभार आहे. पंजाबात बाईचं नाव बहुधा जन्मापासून शेवटपर्यंत एकच. आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहायची हौस. शाळेच्या दाखल्यावर कोंडाबाई, ताटात सुनंदा, गाव म्हणतं नानी, आणि आधारकार्डावर ऑपरेटरच्या मर्जीनं सुनदा. जवानानं लग्नानंतर पलटणीत जाऊन ‘पार्ट टू ऑर्डर’ करायची असते, म्हणजे बायकोची अधिकृत नोंद. तिथला क्लार्क केरळचा किंवा बिहारचा. त्यानं ऐकलं तसं लिहिलं. नवऱ्याचं नावही फौजेत आडनावापासून सुरू होतं, बँकेत आडनाव शेवटी. सगळं ऑनलाइन झालं, ‘स्पर्श’ प्रणाली आली, तेव्हा संगणकाला या दोन माणसांची चार नावं दिसली आणि त्यानं पेन्शन रोखून धरलं. संगणकाला काय कळणार की एका बाईला माहेर आणि सासर दोन्ही असतं? मग प्रतिज्ञापत्र, राजपत्र, सरपंचाचा दाखला, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या फेऱ्या. माझ्या माहितीतल्या एका आजींना कुणीतरी विचारलं, ‘तुमचं खरं नाव कोणतं?’ आजी म्हणाल्या, ‘ज्या नावानं पैसं येत्यात ते.’

सगळे मेजर साधेभोळे असतात, असंही मला म्हणायचं नाही. सरकारची एक तक्रार अगदीच खोटी नाही: बाहेर पडताना हल्ली पुष्कळांना काहीतरी सापडतं. पण ते जास्त कुणाला सापडतं? महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांत अपंगत्व पेन्शन घेणाऱ्यांचं प्रमाण जवानांच्या दुपटीहून जास्त. म्हणजे खंदकात बसलेल्याचा गुडघा टिकतो आणि नकाशासमोर उभ्या राहिलेल्याचा जातो! त्याच साली नियम बदलून अधिक कडक झाले. अधिकाऱ्याला अर्ज लिहिता येतो, मित्र कुठल्यातरी हेडक्वार्टरात असतो. कडकपणाचा बडगा बसतो तो साडीच्या पिशवीवाल्याला.

मग मधे एजंट उभे राहतात. ‘काका, थकबाकी काढून देतो, तीस टक्के आपले.’ काकांना वाटतं वीस वर्षांची थकबाकी म्हणजे दोन खोल्या आणि एक विहीर. कायदा तसं म्हणत नाही. १९८३ साली घरी पाठवलेला तरसेम सिंग नावाचा एक जवान १९९९ साली कोर्टात गेला. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पेन्शनचा हक्क उशिरानं मरत नाही, पण थकबाकी अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांचीच. उरलेली वर्षं सरकारजमा. सरकारनं उशीर केला तर त्याला चार आठवडे, मेजरनं केला तर तेरा वर्षं बुडाली.

सरकारमध्ये हे कुणाला कळलंच नाही असं नव्हे. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री झाले आणि २०१५ साली त्यांनी तज्ज्ञांची समिती नेमली, त्यात कोर्टात जवानांच्या बाजूनं लढणारा वकीलही घेतला. त्याच वर्षी अहवाल आला. अपंग जवानांविरुद्धची अपिलं आवरा, असा त्याचा सूर होता. दहा वर्षांनी, मार्च २०२५ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयापुढे सरकारची याचिका होती ती एका मधुमेहाविरुद्ध. मधुमेह शांतता क्षेत्रात झाला, हाच मुद्दा. न्यायमूर्तींनी याचिका फेटाळली आणि लिहिलं की आपण शेकोटीपाशी गरम कॉफी पीत असतो तेव्हा हे लोक गोठवणाऱ्या वाऱ्यात उभे असतात. सरकारी वकिलांनी नंतर कॉफी घेतली का, ते निकालात नाही.

तेव्हा वाचकहो, तुमच्या गल्लीत, भावकीत, सोसायटीच्या गेटवर वॉचमनच्या खुर्चीत एखादे मेजर असतीलच. त्यांच्याकडे कॅन्टीनचा कोटा मागायला जाल, तेव्हा ती साडीच्या दुकानाची पिशवीही बघायला मागा. मेडिकल बोर्डाचा अहवाल तळातून वर काढा आणि त्याची झेरॉक्स मारून घ्या. विधवा असतील तर पलटणीच्या नोंदीत, बँकेत आणि आधारकार्डावर नाव एकच आहे का ते तपासा. एजंटाला चहा पाजून वाटेला लावा. कारगिल विजय दिनी, २६ जुलै २०२५ ला, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं जवान आणि त्यांच्या कुटुंबांसाठी वीर परिवार सहायता योजना सुरू केली आहे; सैनिक कल्याण मंडळांमध्ये तिची कायदेशीर मदत केंद्रं आहेत आणि तिथे वकिलाला टक्के द्यावे लागत नाहीत. खात्यानं मेजरांचं अपील फेटाळलं, की त्या पत्राच्या तारखेपासून न्यायाधिकरणात जायला सहा महिने असतात. पत्रावरची तारीख आजच बघा.